मंदीत वर्गणी कोण भरतो?

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री कशाला लागते, हे गृहिणींना विचारावं. दूध बंद होत नाही, मुलांची फी थांबत नाही, गॅसचा सिलिंडर येतोच. कात्री लागते ती वाचनालयाच्या वर्गणीला, महिला मंडळाच्या वंतिगेला, एखाद्या मासिकाला. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असं आपण म्हणतो. आमच्या शेजारच्या कानडी आजी हेच ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असं म्हणतात. भाषा दोन, शहाणपण एकच आणि ते खरंही आहे.

पण वर्गणी-वर्गणीत फरक असतो. आज ज्या वर्गणीबद्दल लिहायचं आहे, ती आपल्या घरातल्या मुलामुलींच्या व्यवसायाची आहे. आपल्या भागात असं घर विरळाच, ज्यात एखादा मुलगा, पुतणी, जावई इंजिनिअर नाही. या मंडळींच्या व्यवसायाच्या संस्था असतात. त्या कामगार संघटना नव्हेत. पगारवाढीसाठी त्या भांडत नाहीत आणि संपही करत नाहीत. व्याख्यानं, परिषदा, नियतकालिकं, परीक्षा, ग्रंथालय आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून चहापान, असं त्यांचं काम. उद्योग तेजीत असतो तेव्हा अशा संस्थेला सभासद मिळायला अडचण येत नाही. उद्योग झोपला की काय होतं, ते मात्र बघण्यासारखं आहे. त्यासाठी एका मोठ्या संस्थेचं उदाहरण घेतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्क्स-बॅरी नावाचं गाव आहे. तिथे १८७१ साली खाणकाम करणाऱ्या इंजिनिअरांनी एक संस्था काढली. पुढे तेलाच्या विहिरी वाढल्या, तशी तिच्यात तेलवाल्यांची शाखा झाली आणि १९५७ मध्ये त्या शाखेची ‘सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्स’ झाली. तिला ‘एसपीई’ म्हणतात. आज ती जगभर पसरली आहे. सौदी, कुवेत, अबुधाबी, मस्कत इथे तिच्या शाखा आहेत, मुंबईतही आहे. आपल्याकडची जी मुलं तेलक्षेत्रात आखातात गेली, त्यांना हे नाव नवीन नाही.

तेलाचा धंदा तेजी-मंदीच्या झोपाळ्यावर बसलेला. जून २०१४ मध्ये कच्च्या तेलाचं पिंप एकशे पंधरा डॉलरच्या आसपास होतं. अमेरिकेत शेल खडकातलं तेल भरमसाट निघू लागलं होतं. त्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ‘ओपेक’ संघटनेने उत्पादन कमी न करण्याचं ठरवलं. जानेवारी २०१६ मध्ये तेच पिंप तीस डॉलरच्याही खाली आलं. आपल्याला पेट्रोल थोडं स्वस्त मिळालं म्हणून बरं वाटलं. पण तेल काढणाऱ्यांच्या जगात लाखोंच्या नोकऱ्या गेल्या.

आता कुणालाही वाटेल की या काळात एसपीईचे सभासद झरझर कमी झाले असतील. गंमत म्हणजे तसं लगेच झालं नाही. २०१४ च्या सुमारास एक लाख चाळीस हजारांच्या घरात असलेली सभासदसंख्या पुढे दीड लाखापलीकडे गेली. भाव कोसळतोय आणि सभासद वाढतायत! मी अर्थशास्त्र शिकवतो. असा आकडा दिसला की मी मुलांना विचारतो, “बेरीज बघितलीत, आता त्यात कोण कोण आहे ते बघा.”

या बेरजेत विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा होता. तेजीच्या काळात तेलवाल्यांचे पगार ऐकून जगभरच्या कॉलेजांत पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या जागा भरल्या. आपल्याकडे धनबाद, डेहराडून, गांधीनगर, पुणे इथे हा अभ्यासक्रम होताच. विद्यार्थ्यांची वर्गणी नाममात्र असते, बऱ्याचदा कंपन्यांच्या देणगीतून भागते. त्यामुळे वर्गातल्या वर्गात सभासद होतात. २०१२-१३ मध्ये प्रवेश घेतलेली मुलं २०१६-१७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा दारात नोकरी नव्हती. विद्यार्थी म्हणून असलेली सवलत संपली आणि नोकरदाराच्या दराने वर्गणी भरायला हातात पगार नाही. ही मुलं मग हळूच यादीतून गळाली. म्हणून खरी घट उशिरा दिसली. मधे २०२० ची महासाथ आली. त्या वर्षी २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदेबाजारातला भाव चक्क शून्याखाली, उणे सदतीस डॉलरवर गेला. पुढे २०२२ च्या सुमारास एसपीईची सभासदसंख्या सव्वा लाखाच्या आसपास उतरलेली होती.

सभासद गळतात ते सगळे एका कारणाने गळत नाहीत. पहिले ज्यांची वर्गणी कंपनी भरत होती ते. कंपनीने खर्चाचा तो रकाना बंद केला, की ‘स्वतःच्या खिशातून कोण भरणार’ म्हणून वर्षभर राहतं आणि मग कायमचं राहतं. दुसरे चाळिशीच्या आसपासचे. घराचा हप्ता, मुलांचं कॉलेज, आईवडिलांची औषधं, सगळं एकाच वेळी यांच्या डोक्यावर. तिसरे तो व्यवसायच सोडून सॉफ्टवेअरकडे किंवा बँकेकडे वळलेले. मागे कोण उरतं? एका टोकाला विद्यार्थी आणि दुसऱ्या टोकाला निवृत्त ज्येष्ठ. मधली फळी, जी खरं तर विद्यार्थ्याला हाताला धरून काम शिकवते, तीच विरळ होते. एकत्र कुटुंबात आजोबा आणि नातू घरी आहेत आणि कर्तासवरता मुलगाच नाही, तशी ही अवस्था. बाहेरून घर भरलेलं दिसतं.

अशा वेळी संस्थेची स्वतःचीही चूल नीट पेटत नाही. लोकांना वाटतं, संस्था वर्गणीवर चालते. एसपीईसारख्या संस्थेत वर्गणीचा भाग लहान असतो, मोठी मिळकत परिषदा आणि प्रदर्शनं यांची. ह्यूस्टनला १९६९ पासून समुद्रातल्या तेलकामाची एक मोठी परिषद भरते, ‘ऑफशोअर टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स’. ती भरवणाऱ्या संस्थांत एसपीई आहे. २०१४ मध्ये तिथे एक लाख आठ हजारांवर माणसं आली होती. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, अडुसष्ट हजार. २०१९ मध्ये साठ हजारांच्याही आत. २०२० मध्ये परिषद रद्द झाली. कंपन्यांनी प्रवासखर्च बंद केला की हॉलमधले गाळे रिकामे राहतात आणि संस्थेच्या तिजोरीत खडखडाट होतो. म्हणजे सभासदाला संस्थेची गरज वाढते, नेमकी तेव्हाच संस्थेची मदत करण्याची ताकद कमी होते. २०२१ मध्ये एसपीई आणि तेलक्षेत्रातल्या भूवैज्ञानिकांची संस्था यांनी एकत्र येण्याची बोलणी सुरू केली होती, ती पुढे थांबली. पण अशा दोन जुन्या संस्थांना ती बोलणी करावीशी वाटली, यावरून काळ कसा होता ते कळतं.

हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला. माझ्या अक्काचा मुलगा पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअर होऊन आखातात गेला होता. २०१५ च्या अखेरीस त्याची नोकरी गेली. तिकडे नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो. महिन्याभरात बायको आणि दोन वर्षांची मुलगी यांच्यासह तो बेळगावात परत आला. सामान खोक्यांतच होतं. डिसेंबरात त्याच्याकडे संस्थेचं वर्गणीचं पत्र आलं, शंभर डॉलरच्या आसपासचं. अक्का म्हणाली, “सुम्मने कशाला खर्च? नोकरी लागल्यावर भर.” जावईबापू गप्प. भाचा मला म्हणाला, “मामा, तुम्हाला काय वाटतं? भरू का सोडू?”

मी त्याला म्हटलं, “आधी चौकशी कर. नोकरी गेलेल्यांसाठी काही सोय असेल.” सोय होती. एसपीई नोकरी गेलेल्या सभासदांची वर्गणी माफ करते, अर्ज मात्र करावा लागतो. नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी तिने त्या काळात वेगळा उपक्रमही सुरू केला होता. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसं जावं, दुसऱ्या कामाकडे वळायचं तर आपलं कोणतं ज्ञान उपयोगी पडेल, असं मार्गदर्शन त्यात होतं. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरांची ‘आयईईई’ ही जगातली मोठी संस्थाही बेरोजगार सभासदाला वर्गणीत सवलत देते. सांगायचा मुद्दा असा, की अशा सोयी असतात आणि बहुतेकांना त्या माहीत नसतात. अर्ज करायला लाज वाटते. ‘माझी नोकरी गेली’ हे एका ओळीत लिहून द्यायचं असतं, तीच एक ओळ लिहिली जात नाही. भाच्यानेही तो अर्ज चार दिवस उघडून तसाच ठेवला होता. मग एका रात्री भरला.

पुढे वर्षभर तो दर दोन महिन्यांनी मुंबईच्या शाखेच्या व्याख्यानाला जात असे. रात्रीच्या बसने जायचं, दुसऱ्या रात्रीच्या बसने परत. अक्काला ते पटत नव्हतं. “भाषण ऐकायला एवढ्या लांब?” असं ती म्हणायची. पण अशाच एका व्याख्यानानंतर जेवताना शेजारी बसलेल्या, एरवी ओळख नसलेल्या एका गृहस्थांनी मस्कतमधल्या एका जागेबद्दल सांगितलं. अर्ज त्यानेच केला, मुलाखत त्यानेच दिली, वशिला कुणाचा नव्हता. फक्त जागा आहे, ही बातमी त्याला कळली.

ही काही एकट्याच्या नशिबाची गोष्ट नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही शिकवला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्यांनी बातमी दिली ते तुम्हाला किती वेळा भेटत होते? बहुतेकांचं उत्तर होतं, ‘अधूनमधून’ किंवा ‘क्वचित’. जिवलग मित्र नव्हेत, दुरून ओळखणारे. कारण साधं आहे. घरच्यांना आणि जिवलगांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी दुरून येते. आपण नोकरी गेल्यावर नेमके घरात बसतो आणि दुरून ओळखणाऱ्यांना भेटणं बंद करतो. संस्थेची वर्गणी म्हणजे त्या दुरच्या ओळखी टिकवण्याचा खर्च. असं मांडलं की अक्काही ऐकून घेते.

आता आणखी थोडं मागे जाऊ, कारण अशा गळतीचा खरा हिशेब वीस वर्षांनी कळतो. १९८६ मध्येही तेल असंच कोसळलं होतं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या पदवीवर्गांत अकरा हजारांच्या घरात मुलं होती. नव्वदच्या दशकात ती दोन हजारांच्याही खाली गेली. दहा-पंधरा वर्षं कंपन्यांनी फारशी भरतीच केली नाही. २००५ च्या सुमारास तेल पुन्हा महागलं, तेव्हा बघतात तर काय, अनुभवी माणसं पन्नाशीला टेकलेली आणि त्यांच्या खाली तिशी-चाळिशीचं कुणी नाहीच. तेलक्षेत्रात याला ‘ग्रेट क्रू चेंज’ असं नाव पडलं. कारखान्याच्या भाषेत सांगायचं, तर पहिल्या पाळीची माणसं निघायची वेळ झाली आणि दुसरी पाळी फाटकावर आलेलीच नाही. मग पगार भरमसाट वाढले, ते ऐकून पुन्हा कॉलेजं भरली, अमेरिकेतला पटही पुन्हा अकरा हजारांच्या घरात गेला आणि ती मुलं बाहेर पडेपर्यंत २०१५ उजाडलं.

आमच्या विषयात याला ‘कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत’ म्हणतात. बेळगाव तालुक्यातल्या बटाटेवाल्यांना तो न शिकता कळतो. यंदा भाव चढला म्हणून पुढच्या हंगामात सगळे बटाटा लावतात, पीक एकदम येतं आणि भाव पडतो. मग कुणीच लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हाच सिद्धांत अमेरिकेतल्या इंजिनिअरांना लावून दाखवला. फरक इतकाच, की बटाट्याचं पीक तीन-चार महिन्यांत हाती येतं आणि इंजिनिअरचं चार वर्षांत. आज पेपरात ज्या शाखेचे पगार झळकतायत, ती शाखा मुलगा बाहेर पडेल तेव्हा कशी असेल, हे पेपर सांगत नाही. ते थोडंफार सांगू शकतात त्या व्यवसायातली वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं. ती भेटतात अशा संस्थांतच. प्रवेशाच्या वेळी आपण कॉलेजची इमारत बघतो आणि प्लेसमेंटचा आकडा विचारतो. त्या व्यवसायाच्या संस्थेच्या स्थानिक शाखेत जाऊन एका ज्येष्ठाशी अर्धा तास बोलणारे पालक मला फार थोडे भेटले.

हे सगळं परदेशातल्या तेलाचं झालं, आपलं काय, असं कुणी विचारील. आपल्या उद्यमबागेत, मच्छे आणि होनग्यात फाउंड्र्या आहेत. ओतकाम हा बेळगाव-कोल्हापूर पट्ट्याचा कणाच. या व्यवसायाची ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन’ ही देशभरची संस्था १९५० पासून आहे आणि तिची शाखा आपल्या गावातही आहे. २०१९-२० मध्ये महासाथीच्या आधीच वाहनधंद्याला उतरती कळा लागली होती. त्या वर्षी देशात ट्रक-टेम्पोसारख्या व्यापारी वाहनांची विक्री एकोणतीस टक्क्यांच्या आसपास घटली. गाडी खपली नाही की तिचं कास्टिंग कुठून खपणार? आमच्या वर्गात फाउंड्रीत काम करणाऱ्यांची मुलं असतात. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, हे मला वर्तमानपत्राआधी त्यांच्या थकलेल्या फीवरून कळतं.

तेलवाला निदान विमानात बसून दुसऱ्या देशात जातो. आपला पॅटर्न बनवणारा किंवा भट्टीवरचा सुपरवायझर जाणार कुठे? वाळूत ओल किती हवी, कास्टिंगला भोक का पडलं, वितळलेल्या लोखंडाचा रंग काय सांगतो, हे त्याच्या डोळ्यांत आणि हातांत असतं. तो मंदीत रिक्षा चालवायला लागला किंवा गोव्याला हॉटेलात गेला, की हे ज्ञान त्याच्याबरोबर जातं. धंदा परतला तरी ते परतेलच असं नाही. मंदीच्या दिवसांत शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ बसून हे अनुभव मांडले आणि लिहून ठेवले, तर त्याचा खर्च चहा आणि शेवचिवड्याएवढा. मशीनं रिकामी असतात तेव्हा माणसांना वेळ असतो. तेजीत हे कधीच होत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. घरातल्या कुणाची नोकरी गेली आणि संस्थेचं वर्गणीचं पत्र आलं, तर ते बाजूला टाकू नका. माफीची किंवा सवलतीची सोय आहे का ते विचारा आणि तो एक ओळीचा अर्ज लिहायला त्याला बळ द्या. हा अर्ज लिहिताना शेजारी घरचं माणूस बसलेलं असलं, तर लाज निम्मी होते.

दुसरी गोष्ट संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी. वार्षिक अहवालात ‘एकूण सभासद इतके’ असं छापून समाधान मानू नका. त्यातले तीस ते पन्नास वयाचे किती, ते वेगळं मोजा. जे यंदा आले नाहीत त्यांना पत्र न पाठवता फोन करा. पत्रात वर्गणीची आठवण असते, फोनवर माणसाची चौकशी होते.

तिसरी गोष्ट ज्यांचं बरं चाललं आहे त्यांच्यासाठी. आपली वर्गणी भरताना आणखी एकाची भरून ठेवावी आणि कुणाची भरली ते सांगू नये. आपल्या जुन्या वाचनालयांत गरीब विद्यार्थ्यांची वर्गणी अशी परस्पर भरणारे लोक होते. इंजिनिअरांच्या संस्थेत ती पद्धत आणायला काहीच हरकत नसावी.

भाचा अजून मस्कतला आहे. गेल्या सुट्टीत आला तेव्हा अक्काने त्याला विचारलं, यंदाची वर्गणी भरलीस का? त्याने सांगितलं, दोघांची भरली. दुसरा कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.